पहिला आकडा

आमची ताई तोंडाने फटकळ, हाताने हलकी. डोळ्यांच्या दवाखान्यात तीस वर्षं तिने एकच काम केलं, डोळ्यांतला दाब मोजायचा. बधिर करणारा पिवळा थेंब टाकायचा, निळा दिवा लावायचा, यंत्राचं बारीक टोक बुबुळाला टेकवायचं. तिला भिंगातून हिरव्या उजेडाची दोन अर्धवर्तुळं दिसत. चकती फिरवून त्यांच्या आतल्या कडा जुळवल्या, की चकतीवरचा आकडा म्हणजे दाब. एकवीसच्या वर गेला की काळजी. नव्या मुलींना ती दम द्यायची, "पहिला आकडा लिहा गं! पुन्हा पुन्हा टेकवलं की आतलं पाणी सरकतं, आकडा आपोआप उतरतो. तो खोटा."

मी तिचा धाकटा भाऊ, घड्याळं दुरुस्त करतो. पन्नाशीला तिने मला बळेच खुर्चीत बसवलं. उजवा डोळा झाला. डाव्याला ती थबकली.

"श्वास रोखलायस का रे? कॉलर सैल कर."

पुन्हा टेकवलं. मग पुन्हा. पाचव्यांदा टेकवल्यावर हसली. "वीस! पळ आता, गिऱ्हाईकं खोळंबली असतील."

घड्याळाचं भिंग मी उजव्या डोळ्याला लावतो. त्यामुळे डावा कधी विझत गेला, कळलंच नाही. चार वर्षांनी दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला, तेव्हा ताईच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. "काचबिंदू," ते म्हणाले. "गेलेली नजर परत येत नाही. उजवा तरी सांभाळू."

त्याच संध्याकाळी ताई दुकानात येऊन उभी राहिली.

"पहिला आकडा एकतीस होता," ती म्हणाली. "तुझा म्हणून खरा वाटेना. उतरेपर्यंत मोजत राहिले."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "जगाला शहाणपण शिकवतेस आणि माझ्याच वेळी माती खाल्लीस?"

ती मान खाली घालून दुकानाची पायरी उतरली. सहा महिने मी तिच्याशी बोललो नाही.

पण उजव्याचा दाब मोजायला जावंच लागलं. दुसरी मुलगी रिकामी बसली होती. तरी मी ताईच्याच खुर्चीत जाऊन बसलो, का ते मला विचारू नका. तिने थेंब टाकला, दिवा लावला, एकदाच टोक टेकवलं आणि चकती फिरवली. तिचा चेहरा उतरला. आहे तो एवढा एकच डोळा.

तिने यंत्र मागे सरकवलं आणि पेन उचललं.

"सव्वीस," ती म्हणाली. "औषध वाढवावं लागेल, बाळा."

"लिहिलंस?"

"लिहिलं."

माझ्या गालावर पिवळं पाणी ओघळत होतं. ताईने ते कापसाने पुसलं. ते नुसतं थेंबाचं नाही, हे तिला कळलं होतं.