नानांच्या गाडीचं हूड

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी तो तीन वेळा कापला. मला अक्षर वाचता येत नाही, म्हणून माझ्या मुलीनं मोबाइलमध्ये प्रत्येकाच्या नंबरला फोटो लावून दिलाय. नानांच्या नंबरला त्यांच्या गाडीचा. सकाळी दुकान नुकतं उघडलेलं, मी एका रिक्षाचं हूड शिवत होतो आणि मोबाइलवर गाडी आली. कापली. परत आली. परत कापली. तिसऱ्यांदा कापल्यावर रिक्षावाला म्हणाला, "उचला ना मिस्तरी, काही काम असेल." काम काय आहे ते मला दीड वर्षापासून माहीत होतं. मी म्हटलं, "आता आला तर तूच उचल आणि सांग, सुका मिस्तरी मेला." तो हसला. चौथ्यांदा त्यानं खरंच उचलला, तोंड उघडलं... आणि मोबाइल माझ्या हातात दिला. पलीकडं नानांची बायको, आमच्या अक्का. "सुकाभाऊ, नाना गयात," एवढंच म्हणाल्या. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

हे मी बोलतोय, मुलगी लिहून घेतेय. चुका माझ्या, अक्षर तिचं. शाळेत मी पाटी घेऊन गेलो होतो, ती तिथंच विसरलो आणि परत आणायला काही गेलो नाही. जळगावात माझं कुशनचं दुकान आहे, सीट कव्हर आणि रिक्षाची हुडं. नाना एसटीच्या वर्कशॉपात मिस्तरी होते. तिथल्या सीटा शिवायला मी जायचो तेव्हापासूनची ओळख. मी एकदा एका सीटचं कव्हर उलटं चढवलं होतं, शिलाई वर आणि रेक्झिन खाली. नानांनी ते साहेबाच्या आधी बघितलं, काही न बोलता काढलं, सुलटं केलं आणि मला चहा पाजला. माणूस असा.

रिटायर झाल्यावर ते नशिराबादला घरी बसले, पण बसणं त्यांना जमेना. फैजपूरला एका केळीवाल्याच्या शेडमध्ये एक जुनी विलायती गाडी पडलेली त्यांना कळली. उघड्या टपाची, दोन दरवाजांची. आत कोंबड्या अंडी घालायच्या. मालक म्हणाला, कोंबड्या तेवढ्या ठेवून जा, बाकी न्या. केळीच्या ट्रकमध्ये केळीचीच पानं अंथरून ती आणली. गल्लीतले लोक बघायला आले तेव्हा मी आपला सगळ्यांच्या पुढं उभा, आणि विचारलं, "नाना, हिचं छप्पर कुठं राहिलं?" छप्पर मागं घडी होऊन पडलं होतं, मी त्याच्यावरच हात ठेवून उभा होतो.

पुढची पाच वर्षं नाना मागच्या पडवीत त्या गाडीखालीच होते. अक्का म्हणायच्या, "पाय दिसले तर समजायचं आहेत." गाडीचा तळ गंजून इतका गेलेला की आत बसलं तर खालची कुत्री दिसायची. नानांनी अक्कांची गव्हाची पत्र्याची कोठी कापून तळ केला. कार्बोरेटर त्यांच्या डाळीच्या पातेल्यात उकळला. अक्का बोलायच्या खूप, पण दुपारी सावली फिरली की पडवीत उन्हाला आडोसा म्हणून बांबूच्या तट्ट्या त्याच बांधायच्या. मी रविवारी जायचो, घासायला मदत करायला. घासता घासता एका दरवाजाचा चांगला रंग मी काढून टाकला. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे भो, आते बठ्ठाच काढू." नाहीतरी सगळ्या गाडीला नवा रंग द्यायचा होता, असंही म्हणाले. तो द्यायचा नव्हता. पण मग सगळी गाडी पिस्त्याच्या रंगाची केली, आणि काय दिसली...

ही गाडी कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. अक्का धुळ्याच्या. लग्नानंतर वरात ट्रकमधून आली. नाना पुढं ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसले आणि नवरी मागं, भांड्यांच्या पेटीवर, धुळ्यापासून नशिराबादपर्यंत. रस्ता तेव्हाचा. अक्कांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण नानांना ते टोचायचं. म्हणायचे, एकदा तिला शेजारी बसवून धुळ्याला नेतो, तिच्या भावाच्या दारात उतरवतो. गाडी चालू झाल्यावर त्यांनी अक्कांना बस म्हटलं. अक्का म्हणाल्या, "या वयात उघड्यावर मिरवू का मी? लोक काय म्हणतील? हूड बसवा, मग येते."

आणि हूड माझ्याकडं आलं.

जुनं हूड कुजलेलं होतं. आमच्या धंद्यात जुनं उसवतात, तुकड्यांवर खुणा करतात आणि त्यांच्या मापानं नवं कापतात. जो शिकलेला असतो तो आकडे टाकतो. मी रेघा मारतो. पुढच्या शिलाईला एक रेघ, दुसरीला दोन, अशा आठ शिलाया, खडूनं. नाना शेजारी बसून बघत होते. तुकडे घेऊन घरी आलो तर कोंबड्यांचा आणि उंदरांचा असा वास, की घरात भांडण झालं. मग मी अक्कल चालवली. म्हटलं स्वच्छ तुकड्यावर माप बरं लागेल. सोड्याच्या गरम पाण्यात घातले, घासले, वाड्यात दोरीवर वाळत टाकले. वाळले तेव्हा एकावरही खडू नाही. आणि कॅनव्हास असा आटला की मोठ्या माणसाच्या हुडाचं लहान पोराचं झबलं झालं. तसली गाडी दुसरी कुठं नाही, तसलं हूड कुठं नाही. दोरीखाली उभा राहून मी हसलो. मला दुसरं काही येत नाही, तोंडघशी पडलो की हसतो.

नानांना सांगायचं होतं. उद्या सांगू म्हटलं. मग म्हटलं कापड मुंबईहून यायचंय. मग मशीन बिघडलं. मग कंबर. एकदा काही सुचेना तर सांगितलं, सासू वारली. सासू चार वर्षांपूर्वी वारली होती, आणि खांदा द्यायला नाना स्वतः होते. फोनवर ते म्हणाले, "अरेरे. मंग दहाव्याले येऊ का?" मी म्हटलं, नको, घरच्या घरी करतोय. ही गोष्ट मी दुकानात सगळ्यांना सांगायचो, लोक पोट धरून हसायचे. मी पण. घरी गेलो की जेवण जायचं नाही.

शेवटचं भेटले ते दुकानातच. एरवी ते फोन करायचे. त्या दिवशी बसनं आले, भर उन्हाचे, मांडीवर कापडी पिशवी. मला पळायला जागा नव्हती. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "सुका, काही इचारनं शे का माले?" मी म्हटलं, "नाही नाना, काय विचारायचं! पुढच्या आठवड्यात बसवतो." ते पिशवीवर हात ठेवून थोडा वेळ बसले. "बरं," म्हणाले. गेले. बसस्टँडकडं चालताना त्यांना धाप लागत होती, ती मी दुकानातून बघितली, आणि मला बरं वाटलं... की गेले.

तेरावं झाल्यावर अक्कांनी मला पडवीत बोलावलं. तीच पिशवी हातात दिली. आत सुतळ्या. प्रत्येकीला गाठी. एकीला एक, एकीला दोन, अशा आठपर्यंत. मला कळायला वेळ लागला नाही, कारण त्या माझ्याच खुणा होत्या, फक्त खडूच्या रेघांऐवजी गाठी. माझं लक्ष खडूवर, आणि मी रेघा मारत गेलो तशी नाना मागून एकेका शिलाईला सुतळी लावून तेवढ्या मापाची कापत गेले होते. गाठ काही धुऊन जात नाही.

"तुम्ही तुकडे वाळत घातले ते त्यांनी बघितलं होतं," अक्का म्हणाल्या. "त्याच दिवशी. तुमच्याकडं भरीत घेऊन आले होते, दारातून परत फिरले."

मी म्हटलं, "मग दिल्या का नाहीत?"

"मी रोज म्हणायचे, देऊन टाका. ते म्हणायचे, त्यानं तोंडानं सांगू दे, एकदा विचारू दे. आपण होऊन दिलं तर जन्मभर माझ्यासमोर मान खाली घालेल तो." मग गाडीवरची धूळ पदरानं पुसली. "तुमच्या दोघांच्या लाजेत माझं धुळं राहिलं, सुकाभाऊ."

त्या रागावल्या नव्हत्या. त्या नुसतं सांगत होत्या.

हूड मी चार दिवसांत शिवलं. चार दिवसांचं काम होतं ते. रिक्षात टाकून नशिराबादला नेलं, गाडीच्या लोखंडी कमानीवर चढवलं, आणि ते बसलं. एक सुरकुती नाही. एवढ्या वर्षांत माझं कुठलंही काम पहिल्यांदा बसलेलं नाही, कुठं तरी ओढावं लागतं, कुठं तरी पाचर. हे बसलं. अक्का आल्या. मी दरवाजा उघडला. त्या डाव्या सीटवर बसल्या, पदर सारखा केला. उजवीकडं बघितलं. मी बाहेर उभा. मला गाडी चालवता येत नाही, आणि येत असती तरी त्या सीटवर बसलो नसतो. मग म्हणाल्या, "काढा ते. आत अंधार होतो."

मी काढलं, घडी करून मागं ठेवलं. आता त्या रोज दुपारी पडवीत त्या गाडीत बसतात, उघड्यावर, डाव्या बाजूला, मांडीवर सुपात तांदूळ. येणारे जाणारे बघतात. त्यांना आता कोणाचं काही वाटत नाही.

माझी एक सवय बदलली. फोन पहिल्या रिंगला उचलतो. बहुतेक वेळा विमावाले असतात, त्यांना वाटतं मोठं गिऱ्हाईक सापडलं. गाडीचा फोटो अजून येतो अधूनमधून, अक्कांचा फोन असतो, पडवीचा पत्रा उडाला, कोणाला तरी पाठवा. अक्कांचा आवाज येईपर्यंत मात्र मी काय काय समजून बसतो...

आणि पिशवीत नववी सुतळी होती. शिलाया आठच. हिला गाठ नाही. हुडाला लावून बघितली, काचेला लावली, सीटला, दरवाजाला, कुठंच जुळत नाही. अक्कांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. मशीनजवळच्या खिळ्याला टांगून ठेवलीय. काम करता करता हात लागतो, आणि तोंडातून निघून जातं, "नाना, ही कशाची?" एवढं सोपं होतं विचारायला.