मळ्यातल्या हौदातला व्यायाम

नव्वद सालच्या सुमारास लग्न होऊन मी मखमलाबादच्या मळ्यात आले, तेव्हा झेंडू खुडताना सगळ्या बायकांच्या पुढे असायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर मात्र दसऱ्याच्या ऐन तोडणीत लक्षात आलं, की खाली बसलं तर उठता येत नाही. आधी हात जमिनीवर टेकायचे, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत गेल्यासारखं उभं राहायचं. बरोबरच्या बायका हसल्या. मीही हसले.

सासूबाईंचं म्हणणं, अंगाची कामाची सवय सुटलीय, काम वाढव. मलाही ते पटलं. शाळेत मी कबड्डी खेळलेली. मी पहाटे उठून बैठका काढू लागले. पण जितक्या बैठका काढाव्यात तितके पाय जास्त दगा देत. मांड्या दोन-दोन दिवस ठणकत. एकदा स्वयंपाकघरात पाय असा मुडपला, की हातातल्या दुधाच्या पातेल्यासकट मी खाली आले. घरच्यांनी त्र्यंबकेश्वरला पूजा घातली. परतताना मला एसटीची पायरी चढता येईना. माझ्या मिस्टरांनी कमरेला धरून वर चढवलं आणि सीटवर बसल्यावर म्हणाले, "उद्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊ."

रक्त तपासलं, स्नायूंत सुया टोचून मशीनवर आलेख काढला, मांडीतल्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून तपासायला मुंबईला पाठवला. हा स्नायूंचाच आजार, जन्मापासून अंगात असलेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. कंबर आणि खांद्यांभोवतीचे स्नायू हळूहळू झिजत जाणार. ते थांबवणारं औषध नाही. मिस्टरांनी विचारलं, मग हिला झोपवूनच ठेवायचं का? डॉक्टर नाही म्हणाले आणि त्यांनी आम्हाला फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं.

त्या माझ्याहून लहान होत्या. त्यांनी समजावलं, की कष्ट केले की सगळ्यांचेच स्नायू आतून थोडे दुखावतात आणि विश्रांतीत भरून येतात. माझ्यात दुखावणं होतं, भरून येणं अपुरं पडतं. म्हणून बैठका मला बाधल्या. पण अंथरूण धरलं तर जे चांगले उरलेत तेही सुकतील, सांधे आखडतील.

"ताई, व्यायाम रोज करायचा, पण गळून जाईपर्यंत नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी दुखलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा."

पाण्यात अंगाचा भार कमी होतो, म्हणून त्यांनी पोहण्याचा तलाव सुचवला. तलाव शहरात, आणि रोज बस चढणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. घरी येताना मला आमचा हौद दिसला. विहिरीचं पाणी मोटारीने चढवून त्यात साठवायचो, छातीइतका खोल.

सासूबाई ऐकेनात. सून हौदात उतरती, लोकं काय म्हणतील?

मी म्हणाले, "आई, मला माझ्या पायांवर उभं राहायचंय. तुम्ही काठावर बसा, मग कोणी काही म्हणणार नाही."

त्या पाय आपटत आत निघून गेल्या. सासऱ्यांनी मात्र गवंडी बोलावला, हौदाला आतून-बाहेरून रुंद पायऱ्या बांधून घेतल्या आणि धरायला लोखंडी पाइप बसवला. पहिल्या सकाळी मी पंजाबी ड्रेस घालून उतरले. पाण्यात डावा पाय उचलून पाहिला. तो कमरेपर्यंत वर आला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा उचलला. सासूबाई काठावर मेथी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि बघत राहिल्या.

मग तो रोजचाच नेम झाला. सकाळी पाण्यात चालायचं, दुपारी मिस्टर माझ्या पोटऱ्यांना ताण द्यायचे, म्हणजे टाचा आखडू नयेत. नुसती चढतीच कमान होती असं नाही. एका हिवाळ्यात टायफॉइड झाला, कित्येक आठवडे पडून राहिले, आणि उठले तेव्हा घराच्या पायऱ्या चढायची ताकद कायमची गेलेली होती. त्या वेळी मी खूप रडले. फिजिओच्या बाईंनी व्यायाम निम्म्यावर आणून पुन्हा सुरुवात करायला लावली; हौदाच्या पायऱ्या आता मिस्टर कमरेला धरून चढवायचे. हातात काठी आली. मिस्टरांनी पलंगाखाली विटा लावून तो उंच केला, आणि मी उंच टेबलापाशी बसून हार ओवू लागले.

एकदा लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या पाहुणीने मला काठी टेकत येताना पाहून 'बिचारी' म्हटलं. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "बिचारी नाय ती. रोज पान्यात उतरून मेहनत करती. तुमच्याच्यानं व्हईल का?" पाहुणी चहा न घेताच निघाली.

पुढे फिजिओच्या बाई नव्या पेशंटना माझ्याकडे पाठवू लागल्या. सिन्नरची एक कॉलेजातली मुलगी वडिलांबरोबर आली. तीही हट्टाने बैठका काढत होती. तिने विचारलं, या पाण्यातल्या व्यायामाने मी बरी होईन का? मी खरं तेच सांगितलं: बरी होणार नाहीस, पण जे आहे ते जास्त वर्षं वापरता येईल. तिने ओढणी कमरेला बांधली आणि पाइप धरून हौदाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.