कुमुदताईंची रानशाळा आणि मी न काढलेला जाळपट्टा

कुमुदताई पाटणकर यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. भांडायला अर्थातच मी गेलो होतो.

त्या वेळी मी डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होतो. वडिलांच्या मागे रोह्याजवळच्या आमच्या गावचं डोंगरउतारावरचं मालकीचं रान आम्हा दोघा भावांच्या वाट्याला आलं होतं. एका लाकूडव्यापाऱ्याने ते उभंच्या उभं मागितलं आणि मी होकार देऊन मोकळा झालो. सहीच्या आदल्या दिवशी मात्र दादा अडून बसले. त्यांच्या हातात एक चार पानी पत्रक होतं, ‘रान विकण्याआधी रान बघा’. खाली ताईंचं नाव आणि पेणचा पत्ता.

शिफ्ट सुटली तसा मी थेट पेणला गेलो. ताई नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. ओटीवर बसून त्या जुन्या वर्तमानपत्रांत झाडांची पानं दाबून ठेवत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, “तुमच्या ह्या कागदापायी आमच्या घरात भांडण लागलंय.”

ताईंनी विचारलं, “रानात ऐनाची झाडं किती आहेत?”

“मोजलेले नाहीत.”

“शेवटचे कधी गेला होतात?”

“वडील होते तेव्हा.”

“मग निदान काय विकताय ते तरी बघा. रविवारी मी येते. बघून झाल्यावर विकायचं तर खुशाल विका.”

त्या खरोखरच आल्या. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही तिघे चढउतार करत होतो. एका ठिकाणी थांबून त्यांनी मला जुने बुंधे दाखवले. वडील लाकूड तोडायचे एवढंच मला ठाऊक होतं. पण तोडलेल्या प्रत्येक बुंध्याला आलेल्या फुटव्यांतले दोनच सरळ, जोमदार फुटवे त्यांनी राखले होते आणि बाकीचे काढून टाकले होते. त्या राखलेल्या फुटव्यांची आता माझ्या कवेत न मावणारी झाडं झाली होती. “हे काम जाणत्या माणसाचं आहे,” ताई म्हणाल्या. दादांनी डोळे पुसले. व्यापाऱ्याला नकार कळवायला मीच गेलो.

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या ज्या ज्या घरांकडे मालकीचं रान आहे, त्यांच्यासाठी ताईंनी सुरू केलेली रानशाळा या गौरवग्रंथाच्या बहुतेक वाचकांना परिचित आहे. महिन्यातून एक रविवार, दर वेळी नव्या मालकाचं रान. वाळलेली पानं चिकटवून केलेल्या वह्या, झाडाचा घेर मोजायची गाठी मारलेली दोरी, कधी काय तोडावं आणि काय राखावं हे सांगणारी पत्रकं, हे सारं ताईंनी स्वतः तयार केलं. झाडांची नावं त्यांनी आपल्याकडे बोलतात तशीच लिहिली. एकाच झाडाला खाडीकाठी एक नाव आणि डोंगरात दुसरं असेल, तर दोन्ही लिहिली. “नाव चुकलं की माणूस लाजतो आणि लाजला की पुढे विचारत नाही,” असं त्या म्हणत.

त्यांच्या या कार्याबद्दल इतर मंडळी अधिकाराने लिहितीलच. मला एका दिवसाबद्दल लिहायचं आहे. तो दिवस पुष्कळांना माहीत आहे, पण सगळा कोणालाच माहीत नाही.

रानशाळा आमच्या रानात भरायची होती. फाल्गुन संपत आला होता, गवत करकरीत वाळलं होतं. आमच्या रानाच्या पश्चिमेला उघडा माळ आहे. त्या बाजूने जाळपट्टा काढून घे, म्हणजे गवत-पाचोळा खरवडून जमिनीची मोकळी पट्टी कर, असं ताईंनी महिनाभर आधी बजावलं होतं. वणवा आला तरी तो त्या पट्टीवर अडतो. मी दोनदा कोयता घेऊन निघालो आणि दोनदा परतलो. कंपनीत डबल शिफ्ट चालू होती, अंग मोडून आलं होतं. आदल्या दिवशी ताईंचा फोन आला. “पट्टा झाला?” मी म्हणालो, “झाला ताई.”

त्या दिवशी पंधरा-सोळा माणसं होती. त्यांत धरमतरच्या बाजूच्या यमुनाबाई म्हात्रे होत्या. मिठागरात उभा जन्म गेलेल्या, पण माहेरकडून डोंगरातला रानाचा एक तुकडा वाट्याला आल्यापासून एकही शाळा न चुकवणाऱ्या. जेवणानंतर ताई फुटवे कसे निवडायचे ते दाखवत होत्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी मान वर करून वास घेतला. मग मलाही आला.

माळावर कोणीतरी गवत पेटवलं होतं. दुपारचा खाडीवरचा वारा सुटला होता आणि झाडांमधून धूर आत शिरू लागला होता. ताईंनी माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, “प्रकाश, पट्टा?”

मी माळाकडेच बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“वर कोणीही पळायचं नाही,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “आग चढावर आपल्यापेक्षा जोरात धावते. ओढ्याकडे चला. एकमेकांचे हात धरा.” ओढा कोरडा होता, पण त्याच्या पात्रात नुसते धोंडे होते, जळायला काही नव्हतं. आम्ही आडवे धावत तिथे पोचलो. मागे पाचोळा तडतडत होता. पात्रात उतरल्यावर ताईंनी माणसं मोजली आणि पुन्हा मोजली.

“यमुनाबाई कुठे आहेत?”

कोणीतरी म्हणालं, शिकेकाईचा वेल बघायला खालच्या घळीत गेल्या होत्या. मी उभाच होतो. रान माझं, वाट मला ठाऊक, चूक माझी. तरी माझे पाय हलले नाहीत. साठी ओलांडलेल्या ताईंनी पदर कमरेला खोचला, कोणीतरी पळताना बरोबर घेतलेल्या पाण्याच्या कळशीत टॉवेल भिजवला, तोंडावर धरला आणि निघाल्या. त्या दहा-वीस पावलं पुढे गेल्यावर मी त्यांच्या मागे धावलो.

घळीत धुराने हाताच्या अंतरावरचं दिसत नव्हतं. ताई हाका मारत होत्या. “यमुनाबाई, ओ द्या!” बऱ्याच वेळाने डावीकडून खोकल्याचा आवाज आला. यमुनाबाई एका खडकाशी बसल्या होत्या, पाय मुरगळला होता. “माजा पाय उचलत नाय गो ताई,” त्या रडत म्हणाल्या. “तू जा. तुजी मानसं हायत तिकडं.” ताई म्हणाल्या, “गप्प बस आणि माझ्या गळ्यात हात घाल.” दोघांनी दोन्हीकडून धरून आम्ही त्यांना उचललं. ओढ्याच्या तोंडाशी एक जळती फांदी वाटेवर पडली. माझे दोन्ही हात यमुनाबाईंच्या ओझ्याखाली अडकले होते. ताईंनी ती फांदी उघड्या डाव्या हाताने बाजूला लोटली.

त्यांच्या त्या हाताची दोन बोटं अजूनही पुरती मिटत नाहीत. यमुनाबाईंची पोटरी भाजली होती. त्या पावसाळ्यापर्यंत अंथरुणावर होत्या. थोराड झाडं वाचली, पण अलीकडे राखलेले सारे कोवळे फुटवे जळून गेले.

आठवडाभराने आमच्या गावच्या देवळात सभा भरली. माणसं संतापलेली होती आणि त्यांचं चुकत नव्हतं. “म्हाताऱ्या बायकांना आगीत नेलंत. तुमची शाळा बंद करा,” असं ताईंच्या तोंडावर सांगण्यात आलं. कोणीतरी विचारलं, “पट्टा का नव्हता?” मी चौथ्या रांगेत खांबाला टेकून बसलो होतो. ताई उभ्या राहिल्या. हाताला पट्टी होती.

“शाळा मी भरवली,” त्या म्हणाल्या. “भरवण्याआधी पट्टा स्वतः चालून बघणं माझं काम होतं. मी फोनवर भागवलं. चूक माझी.”

त्यांनी माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी उठलो नाही. रानशाळा वर्षभर बंद राहिली. पुन्हा सुरू झाली तेव्हा जेमतेम सात-आठ मालक आले. त्या दिवसापासून आदल्या दिवशी पट्टा स्वतः चालून बघितल्याशिवाय ताईंनी एकही शाळा भरवली नाही. मला त्यांनी एवढंच सांगितलं, “जाळपट्ट्याचा धडा ह्यापुढे तू घ्यायचास.” गेली अकरा वर्षं मी तो घेतो आहे. शिकवताना कोणी विचारलंच, की पट्टा नसला तर काय होतं, तर मी वणव्याची हकिगत सांगतो आणि माझा भाग गाळतो.

या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी आधी धरमतरला जाऊन यमुनाबाईंना सगळं सांगितलं. त्या अंगणात सुकट निवडत होत्या. मला वाटलं होतं, झालं गेलं म्हणून सोडून देतील. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“बारा वर्सं लागली तुला? देवलात ताईला नावं ठेवत व्हते तवा तू कुठं व्हतास?”

“तिथंच होतो.”

“मंग मला एकटीला काय सांगतोस? ज्यांनी आयकलं त्या सगल्यांना सांग.”

म्हणून हे लिहिलं. पट्टा काढायचा होता मी, काढला नाही मी, आणि झाला म्हणून खोटं बोललो तोही मीच. त्या सभेला असलेली जी मंडळी आजही ताईंच्या शाळेपासून दूर आहेत, त्यांनी तो राग माझ्याकडे वळवावा.

लेख छापायला देण्याआधी मी तो ताईंना वाचून दाखवला. सभेचा भाग त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, “माझी चूक होती हे मी खरंच म्हटलं होतं, प्रकाश. ते खोडू नकोस.” मी ते खोडलेलं नाही.

ताईंना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात, पण पुढच्या महिन्याच्या शाळेचं रान त्यांनी ठरवून ठेवलं आहे. त्यांच्या पायांत डोंगर चढण्याचं बळ आणि छातीत मोकळा श्वास अशी पुष्कळ वर्षं राहो, त्यांच्या घरी सुख नांदो, आणि आम्हा रानमालकांना चुकीची कबुली त्या हयात असताना, त्यांच्यासमोर देण्याचं धैर्य येवो, हीच माझी मनापासूनची प्रार्थना.