कारणाचा रकाना

"ए बाई, चप्पल बाहेर. आत यायचं नाही. तिथूनच दे."

हे आमच्या अ‍ॅडमिनचे आर. के. साहेब बोलले. दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. स्टाफच्या जेवणाच्या खोलीत आम्ही आठ जण बसलो होतो. दारात पॅकिंगमधली एक कॉन्ट्रॅक्टवाली बाई, हातात चिठ्ठी. गाडी भरून गेटवर उभी आणि चिठ्ठीवर स्टोअरची सही राहिलेली. स्टोअरचा अधिकारी मी. म्हणून तिला वर पाठवलेलं.

तिने एक पाऊल आत टाकलं होतं. ते मागे घेतलं. चप्पल काढली, तरी पायपुसण्यावरच उभी राहिली. चिठ्ठी हातोहात टेबलावरून माझ्यापर्यंत आली. मी उष्टा हात पुसला, सही केली. चिठ्ठी तशीच परत गेली. ती म्हणाली, "थँक्यू साहेब." हे ती मला म्हणाली.

ती गेल्यावर आर. के. नाकापुढे हात हलवत म्हणाले, "यांच्या अंगाला मालाचा वास येतो हो. जेवण जात नाही." आमचा माल रबराच्या कारखान्यांना जातो. त्याला कुजक्या लसणासारखा वास आहे, आणि तो साबणाने जात नाही. सगळे हसले. मीही हसलो. फार नाही. दोन सेकंद.

मग आर. के. नी माझ्या डब्यातली जवळ्याची चटणी आणखी एक चमचा घेतली. "वहिनींच्या हाताला चव आहे बुवा," म्हणाले.

दारातून परत गेलेली बाई माझी बायको होती. चटणी तिने सकाळी केली होती.

मी मूळचा किनाऱ्यावरच्या नवापूरचा, ती शेजारच्या मुरब्याची. या कंपनीत मी हेल्पर म्हणून लागलो. नऊ वर्षं ड्रमच्या शेडमध्ये, जमिनीवर गोणपाट टाकून जेवलो. मग स्टोअरमध्ये क्लार्क झालो, सहा वर्षांपूर्वी स्टाफमध्ये गेलो आणि वरच्या खोलीत जेवायला लागलो. पहिल्या दिवशी मी बूट विकत घेऊन घातले होते. बोलण्यातलं गावाकडचं 'हाय-नाय' त्याआधीच सोडलं होतं.

चार वर्षांपूर्वी मुलगी कॉलेजला गेली तेव्हा बायको म्हणाली, मीबी कामाला येते. ठेकेदाराकडे तिचं नाव मीच दिलं. आणि तिला सांगितलं, आपण नवरा-बायको आहोत हे कोणाला बोलायचं नाही. स्टाफच्या घरचं माणूस कॉन्ट्रॅक्टमध्ये चालत नाही, कंपनीचा नियम आहे. आमचं आडनाव किनाऱ्यावर दर तिसऱ्या घरात सापडतं, त्यामुळे कोणी विचारलं नाही. सकाळी आम्ही बेटेगावच्या घरातून एकाच वेळी निघायचो. मी मोटरसायकलवर, ती शेअर रिक्षाने.

असा नियम नव्हता. मी नियमांचं पुस्तक दोनदा वाचलेलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी घरी ती भाकऱ्या करत होती. दुपारचं सोडून मला दुसरं काहीतरी बोलायचं होतं. पुढच्या महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. मी म्हणालो, "यंदा आपण मुंबईला जेवायला जाऊ. चांगल्या मोठ्या हॉटेलात. समुद्र दिसतो तसल्या."

ती हसली. "समुद्र मी जलमापासून बघते," म्हणाली. पण खूश झाली. मुरब्याला आईला फोन केला, बहिणीला केला. कुठली साडी, ते त्याच फोनवर ठरलं. मला बरं वाटलं. दारातल्या त्या एका मिनिटाची भरपाई झाली असं मी धरून चाललो.

हॉटेल निवडायचं काम मी हाती घेतलं. रेघांच्या फुलस्केप कागदावर तक्ता केला. हॉटेलचं नाव, गाव, घरापासून किलोमीटर, लोकांनी दिलेले तारे, मासे मिळतात की नाही, बसायची सोय. एकूण पंधरा हॉटेलं. सुरुवात बोईसर-पालघरपासून केली, कारण तक्ता पुरा असावा लागतो. मग विरार, वसई, बोरिवली, आणि पुढे थेट मुंबई.

मुलगी शेजारी बसून फोनवर तारे बघून सांगत होती. पहिल्यांदा तिलाही मजा वाटली.

"बाबा, विरारचं हे घ्या ना. चार पॉइंट चार आहे."

"पार्किंग नाही तिथं."

"आपण ट्रेनने जाणार आहोत."

मी ओळ खोडली.

"मग वसईचं? फोटो बघा, किती छान आहे."

"आवाज असतो. लोकांनी लिहिलंय."

"एकाने लिहिलंय, बाबा. दोनशे जणांतल्या एकाने."

तीही ओळ खोडली. बोरिवलीच्या दोन खोडल्या. बोईसर-पालघरच्या सात तर मी आधीच खोडल्या होत्या. शेवटी चार उरली, चारही घरापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. मुलगी कंटाळून उठून गेली.

स्टोअरच्या कामात एक शिस्त असते. रजिस्टरमधली ओळ नुसती खोडायची नाही. खोडली तर समोर कारण लिहायचं. इतक्या वर्षांत हाताला ती सवय लागलेली. कारण न लिहिता ओळ खोडली की मला झोप येत नाही. म्हणून तक्त्याच्या शेवटी एक बारीक रकाना होता, आणि त्यात पेन्सिलीने मी खरं कारण लिहिलं होतं. दोन-दोन अक्षरांत. ते कोणाला कळेल असं मला वाटलं नाही.

रविवारी सकाळी मी बाजारातून आलो तर तो कागद तिच्या पुढ्यात होता. ताटात जवळा निवडायला घेतलेला, आणि ताटाशेजारी कागद. ती दहावीपर्यंत शिकलेली आहे. पण इथे दहावीचा उपयोग नव्हता. तिचं काम काय, तर दिवसभर ड्रमच्या लेबलवरची अक्षरं चिठ्ठीवरच्या अक्षरांशी जुळवायची. कोणाची सही, कोणाचा शिक्का. गेटपासवर आर. के., तपासणीच्या लेबलवर पी. डी., वजनाच्या पावतीवर एस. एम. हे ती दिवसातून शेकडो वेळा बघते.

"अहो," ती म्हणाली, "ह्या हाटेलांच्या फुडं आमच्या सायबांची नावं कशाला?"

"कुठं?"

"ही काय. बोईसर-पालघर, सातीच्या सात आर. के. विरार, पी. डी. वसई, एस. एम. बोरिवलीला मोठे सायेब ऱ्हातात ना?"

मी पिशवी खाली ठेवली.

"म्हंजे जितं ह्यांच्यातला कोन ऱ्हात नाय, तितं मला न्यायची." तिने कागद उलटा करून बघितला, मागे काही आहे का म्हणून. "लांब हाय खूप."

मी म्हणालो, "नियम आहे ना गं. कोणी बघितलं तर तुझंच काम जाईल."

माझं वाक्य संपलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. लेबल जुळत नाही तेव्हा माणूस बघतो तसं.

"हाय ना नियम? खरंच?"

हे तिने चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं. आणि मी हिशेबाचा माणूस, समोरून सरळ प्रश्न आला की मला चुकीचं उत्तर देता येत नाही.

"नाही," मी म्हणालो. "नियम नाही."

मुलगी आतून बाहेर आली होती. तिने ऐकलं.

"चार वर्षं," बायको म्हणाली, "मी शेडमधी बायांना सांगते, माजा नवरा रिक्षा चालवतो. परवा एक म्हनाली, तुज्या नवऱ्याला सांग ना, माज्या पोरांना शाळेत सोडंल का. मी म्हनलं, त्येची रिक्षा गॅरेजला हाय." तिला हसू आलं. खरंच आलं. "चार वर्षं गॅरेजला हाय माजा नवरा."

मुलगी हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्हाला आईची लाज वाटते?"

मी खाली ठेवलेली पिशवी परत उचलली. उत्तर मला माहीत होतं.

बायको म्हणाली, "तुमी त्या दिवशी हसलात. मी जिन्यात थांबले हुते चप्पल घालायला. तुमचं हसनं मला वेगळं कळतं." मग ताटातला कचरा बाजूला सारत म्हणाली, "वासाचं म्हनता. घरी माज्या उशीला येत नाय तो वास? तवा बरं जेवन जातं तुमाला."

मी उभाच होतो. सांगण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, की त्या शेडमध्ये मीही नऊ वर्षं जेवलो, माझ्याही अंगाला तोच वास होता. पण त्याने माझा गुन्हा कमी होत नाही, वाढतो.

तिने माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं. तक्त्यावर वरून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. बोईसर, स्टेशनजवळचं, वरच्या मजल्यावर फॅमिली हॉल असलेलं. पुढे आर. के. लिहिलेलं. त्या नावाभोवती तिने गोल केला.

"हितं. शनवारी. पगाराचा आठवडा हाय, समदे येतात."

आम्ही गेलो. ती अंजिरी साडी नेसली होती, मुरब्याहून बहिणीने पाठवलेली. मुलगी बरोबर. आम्ही मधल्या टेबलावर बसलो, ते तिनेच सांगितलं. पापलेट मागवलं. ते यायच्या आधी आर. के. आले, बायको आणि आई बरोबर घेऊन. मला बघून थेट टेबलाशी आले.

"अरे वा! वहिनी का?" त्यांनी दोन्ही हात जोडले. माझ्या बायकोला. वाकून. "तुमच्या चटणीचे आम्ही सगळे भक्त आहोत हां. याचा डबा याला आम्ही खाऊच देत नाही."

त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. बरोबर तीन आठवडे झाले होते. साडी वेगळी, वास नाही, खुर्चीवर बसलेली. त्यांना कळलंच नाही.

हे इथेच संपवता आलं असतं. मी नुसतं हसलो असतो तरी पुरलं असतं. साहेबांनी नमस्कार केला, वहिनी म्हणाले, मान मिळाला. मी कबूल करतो, माझ्या मनात तो हिशेब झाला. बायकोने मला मदत केली नाही. नमस्कार घेतला नाही, परत केला नाही. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. त्या एकाच वेळी मोजलं नाही.

मी उठून उभा राहिलो.

"साहेब, तुम्ही हिला ओळखता. ही सुनंदा. माझी बायको. आपल्या पॅकिंगमध्ये आहे, चार वर्षं. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या सहीला वर आली होती. तुम्ही चप्पल काढायला लावलीत आणि आत येऊ दिलं नाहीत. मी तिथेच बसलो होतो. मी काही बोललो नाही."

माझा आवाज मोठा झाला होता. शेजारच्या टेबलावरचे वळले.

आर. के. चा चेहरा उतरला, आणि मग लगेच सावरला. "अरेरे. अरे, आधी नाही का सांगायचं! आपलं माणूस म्हटल्यावर वर बसवलं असतं की. खुर्ची दिली असती."

मला वाटलं, झालं. माफीच मागितली एका अर्थी. मी बसणार होतो.

"आनि बाकीच्या अकरा जनी?" बायको म्हणाली.

"काय?"

"आमी बारा हाव पॅकिंगला. अकरा जनींचे नवरे वरती नाय बसत. त्यांनी चप्पल काढायची?"

आर. के. हसले. मला म्हणाले, तिला नाही, "वहिनींना सांग, आज जेवा निवांत. कामाचं सोमवारी बघू." आणि आपल्या टेबलाकडे गेले.

पापलेट आलं. बायकोने मुलीला वाढलं, स्वतः घेतलं, जेवली. चांगली जेवली. मी पापलेटचे काटे काढत बसलो. मी आजवर समजत होतो की माझी चूक एवढीच, बायकोला बायको म्हटलं नाही. ते म्हटलं की फिटलं. पण समजा दारात ती नसती, बारापैकी दुसरी कोणी असती. मी चिठ्ठीवर सही केली असती, हसलो असतो, आणि घरी येऊन मला कसलं मोठं हॉटेल आठवलं असतं? सहा वर्षांत त्या दारात किती जणी उभ्या राहिल्या, मला सांगता येत नाही. मी ज्याचा हिशेब ठेवतो त्यात त्या नव्हत्या.

आज रविवार. मी कंपनीला पत्र लिहिलं आहे. पहिल्यांदा लिहिलं होतं, 'माझी पत्नी व इतर महिला कामगार.' तिने वाचलं आणि म्हणाली, "पत्नी काडा." मी काढलं. आता 'पॅकिंगमधील बारा महिला कामगार' एवढंच आहे. खाली माझं पूर्ण नाव आणि हुद्दा. विचारलं आहे की स्टाफच्या खोलीत कॉन्ट्रॅक्ट कामगाराने येऊ नये हा नियम कुठल्या पानावर आहे, ते दाखवावं. असं पान नाही, हे मला माहीत आहे.

पत्राचं उत्तर बहुतेक येणार नाही. माझी बदली होईल, किंवा वरच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहील. बायको अजून माझ्याशी कामापुरतं बोलते. मी माफी मागितली, ती "बरं" म्हणाली. 'बरं' म्हणजे माफ केलं नाही, हे पंचवीस वर्षांत मला कळतं.

माझ्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माझी सही. उद्यापासून बारा जणींतली जी बाई चिठ्ठी घेऊन येईल ती पायात चप्पल घालून आत येईल, टेबलाशी खुर्चीवर बसेल, आणि मग मी सही करीन. तिला दारात अडवलं तर सही होणार नाही. गाडी गेटवर उभी राहील, माल उन्हात तापेल, मोठे साहेब बोरिवलीहून फोन करतील. मी कारण सांगेन. तोंडी नाही, लिहून देईन.