कारल्याचा मंडप आणि ब्रेकवाली काठी

आमच्या घरी मंडप उभा करताना टेप कोणी आणत नाही. पहिला बांबू रोवला की घरातल्या पुरुषाने त्याला पाठ लावायची, हात सरळ वर करायचा आणि मनगट येईल तिथे गेरूची खूण करायची. त्या खुणेवर तार. आता आमच्या सासरचे सगळे ताडमाड. नवरा तर घरात येताना चौकटीखाली मान वाकवतो. मी त्याच्या खांद्यालाही लागत नाही. त्यामुळे अमडापूरच्या शिवारातला आमचा कारल्याचा मंडप दरवर्षी माझ्या हातापासून वीतभर वरच राहायचा.

बी मी लावायची, पाणी मी द्यायची, वेल सुतळीवर मी चढवायची. पण वेल सुतळीवर असेपर्यंत माझा, तारेवर गेला की नवऱ्याचा. तोडणी त्याचीच. याचं मला कधी फारसं काही वाटलं नव्हतं. मग त्याला चिखलीला एका गोदामावर काम लागलं. आठवड्यातून एकदाच घरी येणं होणार होतं.

"मंडप यंदा भाऊले बटईनं देऊन टाकतो," तो जेवता जेवता म्हणाला.

"काऊन?"

"काऊन म्हंजे? दिवसाआड तोडा असते. तुहा हात पुरते का तिथं?"

माझा घास हातातच राहिला. इतका राग आला की काय सांगू. वेलाला लेकरासारखं जपलं मी, आणि वाटेकरी दीर! "येत्या बाजारापर्यंत थांबा," मी म्हटलं. "तोडा माह्या हातानं झाला तं मंडप माहा. नाही झाला तं द्या ज्याले द्याचा त्याले."

"हाव, पाहू," तो म्हणाला. हसला पण.

तो कामावर गेला आणि मी स्टूल घेऊन शेतात गेले. काळी माती, त्यात नुकतंच पाणी दिलेलं. स्टुलाचे पाय खाली जात गेले आणि मी स्टुलासकट चिखलात बसले. मग शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी घेतली. एक कारलं ओढलं तर सोबत हातभर वेल खाली आला. दीर बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "वयनी, कारले तोडून राह्यल्या का वेल उपटून राह्यल्या?"

"तुमच्या पोटात काऊन दुखून राह्यलं?" मी म्हटलं. पण वेल खरंच तुटला होता. घरी येऊन मी रडले.

दुसऱ्या दिवशी सायकलचं पंक्चर काढायला गेले. दुकानवाले चाचा ट्यूब पाण्यात बुडवून बघत होते. मी आपली शेजारच्या मोडक्या सायकलचा ब्रेक दाबत बसले. दाबला की तिकडे रबर चाकाला चिकटायचं, सोडला की सुटायचं. मध्ये नुसती तार. आजवर कितीदा ब्रेक दाबला असेल, पण हे कसं होतं ते कधी बघितलंच नव्हतं.

"चाचा, इथं दाबलं तं तिथं कसं वढते हो?"

चाचांनी एक जुनी केबल काढून दाखवली. बाहेरची नळी जागेवर राहते, आतली तार सरकते. "नळी दोनी टोकाले पक्की पायजे बाई, नाहीतर काम नही करती." जुनी केबल आणि ब्रेकची मूठ त्यांनी तशीच देऊन टाकली. "भंगारच है. पर बना तो दिखाना."

घरी छाटणीची कात्री होती. तिचा एक दांडा बांबूच्या शेंड्याला बांधला, दुसऱ्याला तार जोडली, मूठ खाली लावली. दाबली, तर नळीच वाकडी व्हायची आणि कात्री ढिम्म हलेना. दुपारभर डोकं धरून बसले. मग चाचांचं बोलणं आठवलं. नळीचं वरचं टोक मी मोकळंच सोडलं होतं! ते बांधलं आणि मूठ दाबली. कट्. किती वेळ मी अंगणात बसून हवाच कापत होते, इतका आनंद झाला होता.

शेतात पहिलं कारलं कापलं ते थेट माझ्या डोक्यावर पडलं. मग नवऱ्याच्या जुन्या पँटचा एक पाय कापून कात्रीखाली बांधला. त्यातून कारलं घसरत हातात यायला लागलं. नवऱ्याची उंची अशी पहिल्यांदा माझ्या कामी आली. तरी पानाआडचा देठ दिसेना, म्हणून शेंड्याला मोटरसायकलचा जुना आरसा बांधला.

त्या आरशात मी मंडपाची वरची बाजू पहिल्यांदा बघितली. उन्हाकडे तोंड करून पिवळी फुलं, त्यांच्यावर माश्या. आणि पानांवर पडलेली पिकून केशरी झालेली कारली, काही तर फुटून लाल बिया दाखवत होती. वेलावर पिकलेलं राहिलं की वेल नवं धरत नाही, हे आमच्याकडे कोणालाही ठाऊक आहे. नवरा दरवर्षी म्हणायचा, "वेल लवकर थकते." ही कारली खालून त्यालाही कधी दिसली नव्हती.

बाजाराच्या आदल्या दिवशी तो आला तेव्हा माझी मान आखडली होती, पण कॅरेट भरलेले होते. शेजारी पिकलेल्यांचा ढीग.

"हे कुठून आनले?"

"तुमच्या डोक्यावरून."

मी काठी त्याच्या हातात दिली. आरशात बघत तो अख्खा मंडप फिरला, अंधार पडेपर्यंत. भावाचं नाव त्याने त्या दिवशी काढलं नाही, पुढेही नाही.

पुढच्या वर्षी मंडपाचा पहिला बांबू रोवला तेव्हा मी सुतळी सोडवत बसले होते. त्याने हाक मारली, "ये इकडं." वाटलं, तार धरायची असेल.

"पाठ लाव. हात वर कर."

मी केला.

"टाचा टेकव."

टाचा उचललेल्या आहेत हे मला माहीतच नव्हतं. फळीवरचा डबा, दिव्याचं बटन, दोरीवरचे कपडे, सगळं टाचा उचलूनच करत आले होते मी. खाली टेकवल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते येऊ दिलं.

"तुमाले मंग वर्षभर वाकून चालनं पडन," मी म्हटलं.

"घरात येतानी वाकतोच नं मी," तो म्हणाला, आणि त्याने माझ्या मनगटापाशी बांबूवर गेरूचं बोट ओढलं.