मांजराविरुद्ध माझं नाक

खराडीत आयटीची नोकरी लागली आणि त्याच वर्षी मी कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. दोन्हीची हवा डोक्यात गेली. पहिलाच फतवा काढला: गच्चीवर गाद्या वाळत घालू नयेत. दर उन्हाळ्यात सगळ्यांच्या गाद्या कठड्यावर लोंबायच्या. परदेशी क्लाएंट घरी जेवायला आला तर काय म्हणेल, असं मीटिंगमध्ये सगळ्यांना विचारलं. क्लाएंट कधीच आला नाही. वर्ष-दीड वर्षाने शिंका मात्र आल्या.

सकाळी डोळे उघडताच सुरू व्हायच्या. नाक चोंदायचं, डोळे लाल. तेव्हा लेकीने जिन्याखालून मांजराचं पिल्लू घरात आणलं होतं. मी त्याला तत्काळ दोषी ठरवलं. पण घरात लोकशाही होती, म्हणून आधी अ‍ॅलर्जीची तपासणी ठरली. कारण मांजर निघालं तर ते जाणार. लेक त्याला पोटाशी धरून बसायची आणि माझ्याशी बोलायची नाही. ते मला फार लागायचं.

डॉक्टरीण बाईंनी माझ्या हातावर वेगवेगळे थेंब टाकून बारीक टोचलं. लेक वाकून बघत होती. मांजराच्या खुणेवर काही नाही. धुळीतल्या किड्यांच्या खुणेवर टम्म गांधी उठली.

"तुमची प्रतिकारशक्ती कमजोर नाही, अतिउत्साही आहे," बाई म्हणाल्या. "निरुपद्रवी कणाला ती शत्रू समजते. त्याच्यासाठी प्रतिपिंडं बनवते. ती नाकातल्या काही पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा तोच कण आला की त्या पेशी हिस्टामिन सोडतात. मग सूज, पाणी, शिंका. शत्रू नसतोच, त्रास सगळा स्वतःच्या बंदोबस्ताचा."

"अगदी यांच्यासारखीच," बायको म्हणाली.

"गादी कसली आहे?" बाईंनी विचारलं.

"कापसाची."

"तिला ऊन कधी दाखवलंत? हे किडे दमट गादीत फार वाढतात."

"आमच्या सोसायटीत मनाई आहे."

"कोणी केली?"

लेकीने माझ्याकडे बोट दाखवलं.

रविवारी गादी डोक्यावर घेऊन जिना चढलो. गच्चीच्या दारावर माझ्याच सहीची पाटी होती. समोरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी आधी पाटी वाचली, मग मला. "क्लाएंट येणार नाहीत वाटतं आता," म्हणाल्या.

गादी पसरली तोच मांजर येऊन तिच्यावर लोळलं.

"बाबा, त्याला सॉरी म्हणा," लेक म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती.

मी चटकन म्हणून टाकलं. मांजराने डोळेसुद्धा उघडले नाहीत.