माझा दत्ताचा गुरुवार

गेल्या गुरुवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतोय, कारण एकदा तोंड उघडल्यावर पुन्हा मिटावंसं वाटत नाहीये.

मी आणि मंगेश घाटकोपरच्या आमच्या मंडळाच्या व्यायामशाळेत बारा वर्षांचे जोडीदार. एकाने वजनाचा बार उचलायचा, दुसऱ्याने मागे उभं राहायचं — अडकला तर धरायला. पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक ठरवायला बसलो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, शुक्रवारी हात. आणि पाय? मंगेश म्हणाला, शनिवारी. मी म्हणालो, गुरुवारी — अगदी ठामपणे. फळ्यावर लिहून झाल्यावर हळूच सांगितलं, की माझा दत्ताचा गुरुवार असतो, त्या दिवशी मी येणार नाही.

कसला दत्त आणि कसला गुरुवार! उपवास आई करायची. मी असल्फ्याच्या नाक्यावर अंडाभुर्जी खायचो.

खरं कारण — लिहितानाही कान तापतात — मला स्क्वॉटची, म्हणजे वजन घेऊन मारायच्या पायांच्या बैठकांची, भीती वाटते. त्याआधी एका जिममध्ये खांद्यावर बार घेऊन खाली बसलो आणि उठताच आलं नाही. दोघांनी बगलेत हात घालून उठवलं. कुणी हसलंही नाही हो. तरी तसा बार दिसला की मी आजही वाट बदलतो. एवढंच सांगायचं होतं ना मंगेशला? पण छाती फुगवून फिरणाऱ्याने हे सांगायचं कसं? मग घातला देवाला मध्ये.

मंगेशने त्या उपवासाचा मान ठेवला. दर गुरुवारी एकटा गेला. मागे धरायला कुणी नाही, म्हणून बारला वजन बेताचंच लावायचा. विभागाच्या शरीरसौष्ठव स्पर्धेला दोन महिने असताना त्याने विचारलं, "लेग्ज शुक्रवारी घेऊया का रे? हेवी मारायचंय." मी म्हणालो, उपवासाच्या दुसऱ्या दिवशी अशक्तपणा असतो. "बरोबर आहे यार," तो म्हणाला, "देवाच्या मध्ये मी कशाला येऊ?" मी सुटलो म्हणून खूश झालो होतो, हेही सांगून टाकतो.

स्पर्धेत तो चौथा आला. बक्षिसं तिघांनाच. परीक्षक माइकवरून म्हणाले, वरचं शरीर झकास, पाय मात्र कमी पडले. पुढच्या वर्षी त्याला मुलगी झाली, नोकरीतल्या पाळ्या बदलल्या, आणि तो पुन्हा स्टेजवर चढला नाही.

गेल्या बुधवारी त्याच मुलीला तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काका बघ, बारा वर्षांत एक गुरुवार मोडला नाय." तिने मला नमस्कार केला. ते काही पचेना.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, भरपेट जेवून व्यायामशाळेत गेलो. मंगेश दचकला. "उपवास नाय आज?" "कधीच नव्हता," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं — भुर्जीपासून अशक्तपणापर्यंत. तो कंबरेचा पट्टा आवळत राहिला. मला मात्र इतकं हलकं वाटलं की हसू यायला लागलं, ते दाबावं लागलं. असं मोकळं वाटायचा मला हक्क आहे का? माहीत नाही. वाटतंय खरं, अजूनही.

मग तो बारखाली गेला. मी वजनाच्या वाढीव दोन प्लेटा उचलून आणल्या. त्याने मान हलवली — नको. मी मागे उभा राहिलो, दोन्ही हात पुढे करून, आणि एकट्याला झेपेल तेवढंच वजन घेऊन तो खाली बसला.